उसनं चाक

दुसऱ्याचं उसनं आणलेलं चाक मी ग्राइंडरने खरवडून खराब केलं होतं. त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. ज्यांच्याकडून ते आणलं होतं त्यांनी मला त्याबद्दल कधी एक शब्द सुनावला नाही, पैसे मागितले नाहीत. उलट त्यानंतरच्या वर्ष-दीड वर्षात त्यांनी मला जे शिकवलं, त्यावर मी आज पोट भरतो आहे. हे ऋण फिटणारं नाही. ते कुठे आणि कसं झालं, एवढं तरी नीट लिहून ठेवावं म्हणून लिहायला बसलो.

सुरुवात मात्र सांगलीपासून करायला हवी. आमच्या घरी वडिलांची काळी सायकल होती. रॉडचे ब्रेक, लोखंडी रिम आणि तिच्यावर क्रोमचा मुलामा. वडील दर रविवारी ती रिम खोबरेल तेलाच्या फडक्याने पुसायचे आणि तिच्यात तोंड दिसायचं. पावसाळ्यात त्याच चकचकीत रिमवर ब्रेक लागायचा नाही. आयर्विन पुलावरून भुरभुर पावसात घरी येताना वडील दोन्ही ब्रेक दाबून धरायचे आणि तरी पाय जमिनीलगत ठेवायचे. कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात जाऊन ब्रेकचे रबर बदलून आणणं हे माझं काम. एकदा तिथले मेस्त्री म्हणाले, "बाळ, रबर बदलून काय व्हायचंय? रिम गुळगुळीत आहे, त्यात तेल लावता. आधी रिम बघा." मी सातवीत होतो. मला वाटलं, त्यांना काम करायचं नाही म्हणून सांगतायत. घरी येऊन मी वडिलांना तसंच सांगितलं. ते वाक्य पुढे दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेत मला पुन्हा ऐकायचं होतं, आणि तेव्हाही मी ते पहिल्या फटक्यात ऐकलं नाही.

2009 साली मी पुण्यात मेकॅनिकलला होतो. त्या वर्षी एप्रिलमध्ये डॅनी मॅकअ‍ॅस्किल या स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या मुलाचा व्हिडिओ आला आणि आमच्या हॉस्टेलवर ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर तो दिसू लागला. एडिंबरा शहरातल्या भिंती, जिने, टोकदार लोखंडी कुंपणं, आणि त्यांवरून सायकलवर उभ्या उभ्या चालणारा हा माणूस. बाकीची मुलं उड्या बघत होती. मला आठवतं ते त्याचं थांबणं. अरुंद कठड्यावर मागचं चाक टेकवून, पुढचं हवेत धरून तो क्षणभर थांबायचा. सायकल थांबली की पडते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. इथे एक माणूस थांबण्यातून पुढे जात होता.

या खेळाला ट्रायल म्हणतात. मोटारसायकलच्या ट्रायलमधून तो निघाला. स्पेनमधल्या कातालुन्यात पेरे पी या मोटारसायकलस्वाराने सत्तरच्या दशकात आपल्या मुलाच्या, ओत पीच्या, सरावासाठी सायकलवर तो बसवला. पुढे तोच ओत पी जगज्जेता झाला. 1986 पासून या खेळाच्या जागतिक स्पर्धा होतात. दगड, ओंडके, काँक्रीटचे पाइप यांवरून पाय न टेकता जायचं. पाय टेकला की दंडाचा गुण, आणि पाच झाले की तो टप्पा गेला. वीस इंची चाकाच्या सायकलला बसायला सीटही नसते, कारण बसायचं कधी नसतंच. आणि ब्रेक? आपल्या रोजच्या सायकलवर ब्रेक वेग कमी करायला लागतो. इथे तो चाक जागच्या जागी बांधून टाकायला लागतो. मागच्या चाकावर उभं राहायचं, एका बोटाने लिव्हर आवळून चाक बांधायचं, उडीच्या क्षणी सोडायचं, पॅडलवर जोर द्यायचा आणि पलीकडच्या दगडावर टायर टेकताच पुन्हा बांधायचं. एका टप्प्यात हे कितीतरी वेळा. त्यातल्या एकाही वेळी चाक चार बोटं जरी मागे सरकलं, तरी माणूस पाठीवर पडतो.

हे सगळं मला नंतर कळलं. 2011 च्या पावसाळ्याअखेर मी पुढच्या शिक्षणासाठी श्टुटगार्टला गेलो तेव्हा माझ्याजवळ फक्त त्या व्हिडिओची ओढ होती.

श्टुटगार्टच्या दक्षिणेला श्वेबिश आल्ब नावाचं चुनखडीचं पठार आहे. त्याच्या कड्यांवर बीचची जंगलं आहेत आणि पायथ्याला छोटी गावं. मेट्झिंगनला गाडी बदलली की बाड उराखची लहान गाडी मिळते. हे बाड उराख म्हणजे मागुराचं गाव. 1893 साली गुस्ताव मागेनविर्ट यांनी तिथे कारखाना काढला आणि आपल्या आडनावाची सुरुवात गावाच्या नावाला जोडून कंपनीचं नाव केलं. 1987 मध्ये याच कंपनीने सायकलच्या रिमवर दाबणारा तेलाचा ब्रेक बाजारात आणला. दोन्ही बाजूंना दोन लहान सिलिंडर, त्यांच्या तोंडाशी दोन गुटके. ट्रायलवाल्यांनी तो उचलला आणि वर्षानुवर्षं सोडला नाही. अशा मुलखात ट्रायलचा क्लब असणं साहजिकच होतं. मी शनिवारी सकाळी गाडी पकडून तिथे जाऊ लागलो.

क्लबची जागा म्हणजे गावाबाहेरचं एक मैदान. खाणीतून आणलेले दगड, केबलची लाकडी रिळं, पॅलेटची चळत, काँक्रीटचे पाइप. कडेला पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये ते.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही. सत्तरीला टेकलेले, उंच, थोडे वाकलेले. आयुष्यभर लेथवर काम केलेलं, त्या धंद्यातली माइस्टरची परीक्षा दिलेली. आपला 'मेस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून आला आणि जर्मन 'माइस्टर'ही त्याच लॅटिन मुळाचा, हे मला पुढे कुठेतरी वाचायला मिळालं. त्याच्या आधीपासूनच मी त्यांना मनातल्या मनात मेस्त्री म्हणत होतो. हातात पाना घेतला की सांगलीचे मेस्त्री जसे मान तिरकी करायचे, तसेच हेही करायचे. बोलणं फार कमी. त्या भागातली माणसंच तशी. रागावलो नाही म्हणजे कौतुक केलं असं समजा, अशा अर्थाची तिकडे म्हणच आहे.

जर्मन भाषेत आपल्या तू-तुम्हीसारखे डू आणि झी असे दोन शब्द आहेत. क्लबात लहानथोर सगळे एकमेकांना डू म्हणायचे. वडिलांच्या वयाच्या माणसाला तू म्हणायला माझी जीभ वळेना. मी त्यांना झी म्हणत राहिलो. त्यांनीही मग मला झी म्हणायला सुरुवात केली.

मी एक जुनी वीस इंची सायकल घेतली होती, पण तिचं मागचं चाक वाकलेलं होतं. मेस्त्रींनी त्याचा आउट काढून पाहिला, तारा इकडून तिकडे आवळल्या आणि मान हलवली. मग शेडच्या खिळ्यावरून एक चाक काढून माझ्या हातात दिलं. "नवीन मिळेपर्यंत वापरा." ते चाक त्यांनी स्वतः विणलेलं होतं. रिमच्या बाजू अगदी गुळगुळीत होत्या. मी खाली पाहून आभार मानले आणि ते चाक कोणासाठी ठेवलेलं होतं, हे विचारलं नाही.

त्या चाकावर माझा ब्रेक धरेना. आधीच्या मालकाने बसवलेले गुटके होते ते: कडक, मधाच्या रंगाचे, आरपार उजेड दिसेल असे पॉलियुरेथेनचे. मी लिव्हर आवळत होतो, बोट दुखेपर्यंत आवळत होतो, आणि चाक हळूच, आवाज न करता मागे सरकत होतं. 2012 च्या जुलैत केबलच्या रिळावर मागच्या चाकावर उभा असताना ते सरकलं आणि मी उजव्या मनगटावर पडलो. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता.

क्लबातल्या माझ्या वयाच्या मुलांनी उपाय सांगितला. जर्मनीत अँगल ग्राइंडरला फ्लेक्स म्हणतात. रिम 'फ्लेक्स कर', ते म्हणाले. त्यांच्या सगळ्यांच्या रिम तशाच होत्या. ग्राइंडरच्या चकतीने रिमच्या बाजूंवर बारीक तिरके ओरखडे काढायचे, मग कडक गुटका त्या ओरखड्यांत अडकतो आणि चाक हलत नाही. ते खरंच होतं. मी त्यांच्या सायकली चालवून पाहिल्या होत्या. मेस्त्रींना विचारावं असं मला वाटलं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. आणि ते नाही म्हणतील म्हणून मी विचारलं नाही, हेही.

प्लास्टर निघाल्यावर, ऑक्टोबरमधल्या एका रात्री, मी हॉस्टेलच्या तळघरात ते चाक शिकंज्यात धरलं आणि मित्राचा ग्राइंडर सुरू केला. अ‍ॅल्युमिनियमच्या ठिणग्या उडत नाहीत. नुसती रुपेरी भुकटी पडत राहते, त्यामुळे किती गेलं ते डोळ्यांना कळत नाही. मनगटात अजून ताकद नव्हती. चकती दोन-तीन ठिकाणी रुतली. मी तिथे हात फिरवला, खड्डा लागला, आणि तो खड्डा लपावा म्हणून आजूबाजूचं आणखी घासलं. आजही मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती या आणखी घासण्याची.

शनिवारी ब्रेक धरला, पण चाक फिरलं की टर्र टर्र असा आवाज, आणि खड्ड्याच्या जागी लिव्हरला झटका. मेस्त्री शेडमधून बाहेर आले ते त्या आवाजाने. त्यांनी काही विचारलं नाही. चाक काढायला सांगितलं, आत नेलं, दिव्याखाली धरलं आणि अंगठ्याचं नख रिमवरून पूर्ण एक फेरा फिरवलं. जिथे जिथे नख अडखळलं तिथे थांबले. मग कॅलिपर घेऊन तिथली जाडी मोजली. एका जागी भिंत जवळजवळ निम्मी उरली होती. रिमची भिंत आतून टायरच्या हवेचा दाब झेलत असते. ती अशी पातळ झाली की कधीतरी उघडते, बहुधा भर उडीच्या वेळी.

"हे आता मुलांना देता यायचं नाही," एवढंच ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं. ते क्लबचं चाक होतं. ज्या मुलांच्या आईवडिलांना सायकल परवडत नाही अशा आठ-दहा वर्षांच्या मुलांना आळीपाळीने द्यायचं चाक. गुळगुळीत ठेवण्यामागेही कारण होतं. मैदानाला लागून घरं होती आणि खरवडलेल्या रिमचा आवाज लांबवर जातो, म्हणून निदान क्लबची चाकं खरवडणार नाही, असा शेजाऱ्यांना शब्द दिलेला होता. खरवडलेली रिम गुटके खाते आणि काही महिन्यांनी तिला पुन्हा खरवडावं लागतं. रिम आणि पैसे दोन्ही झिजतात.

मी पैसे काढले. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "पुढच्या शनिवारी दोनची गाडी पकडून या. सायकल चालवायला नाही."

पुढचे तीन शनिवार मी त्यांच्या शेडमध्ये नवीन रिमवर चाक विणलं. रिम, तारा, नट सगळं त्यांचं. बत्तीस तारा मी चार वेळा काढल्या आणि घातल्या. चौथ्यांदा चाक सरळ फिरलं तेव्हा त्यांनी ते खिळ्यावर टांगलं आणि बाकाच्या खणातून चार डबे काढले. प्रत्येकात गुटके.

"आता ही रिम आहे. काय लावाल?"

मी मधाच्या रंगाच्या कडक गुटक्यांकडे बोट दाखवलं. क्लबातले सगळे चांगले खेळाडू तेच वापरत होते. त्यांनी मान हलवली नाही की नाही म्हटलं नाही. माझं बोट धरून आधी रिमवर टेकवलं. मग गुटक्यावर. आणि वाट पाहत उभे राहिले. वीस-बावीस वर्षांच्या मुलाचं बोट धरून कोणी शिकवतं तेव्हा आधी संकोच वाटतो. थोड्या वेळाने संकोच गेला आणि बोटाला कळायला लागलं.

खरवडलेल्या रिमवर गुटका अडकून धरतो. गुळगुळीत रिमवर त्याला चिकटून धरावं लागतं. ही दोन कामंच वेगळी आहेत. अडकायला कडक माल हवा, कारण मऊ गुटका ओरखड्यांवर किसणीवरच्या खोबऱ्यासारखा किसून निघतो. चिकटायला मऊ हवा, कारण कडक गुटका काचेसारख्या रिमवर नुसता वर बसतो, आत कुठे शिरतच नाही. माझं मनगट मोडलं ते बोटात ताकद कमी होती म्हणून मोडलं नव्हतं. खरवडलेल्या रिमसाठी केलेले गुटके मी गुळगुळीत रिमवर लावले होते. ग्राइंडर हातात घ्यायची गरजच नव्हती. दोन गुटके बदलायचे होते, आणि मागुराचे गुटके बोटांनी ओढले की निघतात, त्यांना पानाही लागत नाही.

मी इंजिनिअर होतो, म्हणून वाद घातला. घर्षण दाबणाऱ्या बलावर ठरतं, किती जागा टेकली त्यावर नाही, हे मी बारावीपासून लिहीत आलो होतो. मेस्त्रींनी सायकल स्टँडला लावली. लिव्हर एका पट्ट्याने बांधली, पट्ट्याचं तिसरं भोक. क्रँक आडवा केला, पॅडलला बादली टांगली आणि मगाने पाणी ओतायला लागले. कडक गुटक्यांवर बादली अर्धी व्हायच्या आत चाक सरकलं. मग डब्यातले मऊ, लाल गुटके लावले, पट्टा पुन्हा तिसऱ्याच भोकात. बादली भरली, वरून पाणी सांडलं, चाक तसंच. मग त्यांनी लाल गुटके सुरीने कापून निम्मे केले आणि पुन्हा लावले. बादली भरायच्या आत सरकलं. पुस्तकातला नियम रबराला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे मला त्या दिवशी एका बादलीने शिकवलं. मऊ रबर रिमच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उंचसखल भागात शिरतं, आणि जेवढी जागा जास्त तेवढा खरा स्पर्श जास्त. मी ते वाचलंही असणार. पाण्याचा मग हातात धरेपर्यंत ते माझं नव्हतं.

लाल गुटके पॉलिश केलेल्या अ‍ॅल्युमिनियमसाठीच केलेले असतात, हिरवे सिरॅमिकचा थर दिलेल्या रिमसाठी. रंग लक्षात ठेवायला सोपे आहेत. मेस्त्रींनी मला रंगावर थांबू दिलं नाही. गुटक्यात अंगठ्याचं नख रुतवून बघायचं: खूण किती खोल उमटते, किती वेळ राहते. फारच मऊ असेल तर तो दाबला जातो आणि लिव्हर थेट मुठीपर्यंत येते. चाक धरलं की नाही, हे बोटाला कळेनासं होतं. म्हणून मऊ गुटक्याची पाठ ताठ हवी, शक्यतो अ‍ॅल्युमिनियमची, आणि दोन्ही सिलिंडर बाहेर फाकू नयेत म्हणून फ्रेमवर घोड्याच्या नालेसारखी पट्टी घालायची. गुटका पूर्ण टेकतो की एका कोपऱ्यावर, हे बघायला ते वर्तमानपत्राच्या अरुंद पट्ट्या वापरायचे. गुटक्याच्या वरच्या टोकाला एक, खालच्याला एक अशा पट्ट्या ठेवून लिव्हर हलके आवळायची आणि पट्ट्या ओढून बघायच्या. एक सुटली आणि एक अडकली तर गुटका तिरका आहे.

त्याहून जास्त वेळ गेला तो रिम पुसण्यात. स्पिरिट लावलेला कापूस रिमवरून फिरवायचा, काळा निघाला की टाकायचा, नवा घ्यायचा, पांढरा निघेपर्यंत. पुसल्यावर रिमला बोट लावायचं नाही, कारण बोटालाही तेल असतं. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर वडिलांचं खोबरेल तेलाचं फडकं आलं आणि सांगलीच्या मेस्त्रींचं ते वाक्य आलं. मी त्यांना ते सांगितलं. माझ्या तुटक्या जर्मनमध्ये पूर्ण सांगायला बराच वेळ लागला. ते मधे बोलले नाहीत. सांगून झाल्यावर म्हणाले, "ते मेस्त्री बरोबर होते." माझ्या गावच्या, शाळाही पुरी न केलेल्या त्या माणसाला ज्या आदराने त्यांनी ते म्हटलं, तसा मी कधी दाखवला नव्हता.

त्यांनी गुळगुळीत रिमची बाजू ओढून धरली नाही, हेही लिहायला हवं. पावसात पाण्याचा पापुद्रा मधे येतो आणि चिकटणं संपतं. तिथे खरवडलेली रिमच सरस, असं ते सरळ सांगायचे. जंगलातल्या ओल्या दगडांवर स्पर्धा खेळणाऱ्या मुलांच्या रिम ते स्वतः खरवडून द्यायचे, जिग लावून, एकसारख्या, हलक्या हाताने. मी माझ्या हाताने काय केलं होतं ते मला त्यांच्या हाताकडे बघून नीट कळलं. काही जण गुळगुळीत रिमवर डांबराचा खडा घासतात. कोरड्यात ते छान धरतं, पण धूळ बसते आणि ब्रेक भोंग्यासारखा ओरडतो. मुलांच्या चाकावर ते त्यांनी कधी लावू दिलं नाही. चाक कोणाचं, कुठे चालणार, बोटात जोर किती, हे विचारल्याशिवाय ते डब्याला हात लावायचे नाहीत.

डिसेंबरमधल्या एका संध्याकाळी मी गुटका पॉलिश पेपरवर घासत होतो. वापरून वापरून गुटक्यावर काचेसारखी चकाकी चढते आणि तो धरेनासा होतो. सपाट काचेवर कागद ठेवून, गुटका आठाच्या आकारात फिरवून ती काढायची असते. मेस्त्री शेजारी उभे होते. मी काहीतरी विचारलं, नेहमीसारखं झी म्हणून. ते म्हणाले, "आता डू म्हण." शिष्टाचार असा की ते मोठ्याने म्हणायचं असतं, लहानाने नाही. चाक खराब केल्यानंतरचा तो दुसरा महिना होता. त्यांनी मला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यानंतर विचारायची गरजही वाटली नाही.

2013 मध्ये मी ब्रेकच्या अस्तरांवर प्रबंधाचं काम करत होतो. विषय निवडला तो त्या बादलीमुळेच. चाचण्यांचे आकडे जुळेनात. एकच अस्तर सोमवारी एक सांगे, गुरुवारी दुसरं. मी अस्तरांना दोष देत होतो, चार महिने. एका रात्री चाचणीच्या चकतीवर पांढरा कापूस फिरवला आणि तो काळा निघाला. दर चाचणीआधी चकती ठरावीक पद्धतीने साफ करायची, हा नियम मी घातला आणि आकडे एकमेकांजवळ आले. परीक्षकांनी त्या प्रकरणाचं कौतुक केलं. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी प्राध्यापकांचे, प्रयोगशाळेचे, शिष्यवृत्ती देणाऱ्यांचे आभार मानले. गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमधल्या माणसाचं नाव तिथे नाही. शास्त्रीय कामात सायकलच्या मेस्त्रीचं नाव कसं दिसेल, असा विचार माझ्या मनात आला होता. प्रबंध छापला गेला आहे, आता बदलता येत नाही.

2014 मध्ये मी पुण्याला परतलो. चाकणजवळच्या एका प्रयोगशाळेत ट्रक आणि बसच्या ब्रेक लायनिंगच्या चाचण्या करतो. नव्या मुलांना पहिला आठवडा लायनिंगला हात लावू देत नाही. ड्रम पुसायला लावतो, बोट फिरवायला लावतो. ती कंटाळतात, मला दिसतं. मेस्त्रींएवढं गप्प राहून शिकवणं मला अजून जमलेलं नाही. मी फार बोलतो.

मधल्या वर्षांत पत्रं दोन लिहिली. दोन्हीत खुशाली होती, आभार नव्हते.

2018 च्या मे महिन्यात कामासाठी श्टुटगार्टला जाणं झालं आणि शनिवार मोकळा मिळाला. मेट्झिंगनला गाडी बदलली. मैदान तेच होतं. बऱ्याच मुलांच्या सायकलींना आता डिस्क ब्रेक आले होते. मेस्त्री शेडमध्ये खुर्चीवर बसले होते. बोटांचे सांधे सुजून पाना नीट धरता येत नव्हता, म्हणून कोणा मुलाच्या हातात पाना देऊन ते नजरेने सांगत होते. मला ओळखलं. उठायला लागले, मी उठू दिलं नाही. वाकून नमस्कार केला. तो त्यांना अनोळखी होता, पण त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी आभारांची सगळी वाक्यं गाडीत जर्मनमध्ये जुळवत आलो होतो. ती बोलायच्या आधी माझी नजर भिंतीवर गेली. मी विणलेल्या चाकाशेजारच्या खिळ्यावर ते होतं, मी खरवडलेलं. टायर नाही, नुसती रिम आणि तारा. एक जागा बोटं फिरून फिरून गुळगुळीत झालेली दिसत होती.

नऊ-दहा वर्षांची एक मुलगी उसनी सायकल घेऊन आत आली. तिचा मागचा ब्रेक धरत नव्हता. मेस्त्रींनी तिला आधी भिंतीवरच्या रिमवर बोट फिरवायला सांगितलं, मग तिच्या सायकलच्या रिमवर. तिने दोन्हींवर सावकाश फिरवलं. खड्ड्यापाशी थांबली.

"हे कोणी केलं?"

मेस्त्री उत्तर न देता खणातले डबे शोधायला लागले. इतकी वर्षं मुलं हा प्रश्न विचारत असणार आणि इतकी वर्षं ते असेच डबे शोधत असणार.

"मी केलं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं, परत रिमकडे पाहिलं. मग आपल्या सायकलकडे वळून विचारलं, "आणि याला कुठले लावायचे?"

मेस्त्रींनी डबे बाकावर ठेवले आणि खुर्ची थोडी मागे सरकवून मला जागा करून दिली. मी स्पिरिटची बाटली आणि कापूस शोधला. दोन्ही जुन्याच जागी होते.